कागदावरचा दीड तास

१

परत येताना मी मनाशी धरून आले होते की आपली लढाई अंतराशी आहे. बार्सिलोनात मेडिकलला असताना मी मैत्रिणींना जेवताना, चालताना हेच ऐकवायचे. मैदानातलं आमचं त्रिनिदाद ते डोंगरांपलीकडची राजधानी ला पास, सरळ रेषेत चारशे किलोमीटर. पावसाळ्यात रस्ता उरतच नाही, तेव्हा विमान. आणि विमान म्हणजे दोन इंजिनांचं जुनं धूड. ते आमच्या सपाट मैदानावरून उठणार, धापा टाकत पर्वतरांगेच्या वर चढणार, मग पलीकडच्या पठारावर टेकणार. दीड तास. रक्त वाहणाऱ्या बाळंतिणीकडे दीड तास नसतो. मी गेले की हा दीड तास कमी करीन, असं मी सांगायचे. कसा, ते मला ठाऊक नव्हतं. पण करीन, यात शंका नव्हती.

आले तेव्हा दिसलं, की तो आधीच कमी झालेला आहे.

पहिल्याच आठवड्यात वास्केस कसायाच्या बायकोला घेऊन मी निघाले. तिची नाडी हातात धरून बसले होते, त्यामुळे घड्याळ डोळ्यांसमोरच होतं. पाऊण तासही झाला नव्हता आणि चाकं ला पासच्या वरच्या धावपट्टीवर आदळली. बाई वाचली. मला इतका आनंद झाला की मी हिशेब नंतर केला, आणि तो जमेना. या विमानाला तेवढा वेग नाही. नुसतं चढायलाच पाऊण तास लागतो.

"वारा पाठीमागून होता?" मी कॅप्टन वाल्दोंना विचारलं.

ते पंखाखाली उभे राहून संत्रं सोलत होते. आमच्याच गावचे, पोट सुटलेले, बायाबापड्यांत लोकप्रिय. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या नकाशाला पोट सुटलंय. इथली माणसं बारीक असतात, तसं इथलं अंतरही बारीक."

परतीच्या प्रवासात आम्ही दोघंच होतो. परतायला दीड तास लागला. हवामान खात्याच्या माणसाला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी वर वारं नव्हतंच.

२

त्या दिवशी विमानात आणखी एक जण होता, हे मी सांगायला हवं.

आमच्या रुग्णालयाचा नियम आहे की रुग्णाबरोबर घरचं एक माणूस हवं. वास्केसांकडून तेको आला होता. त्यांच्या गोठ्यात आयुष्य काढलेला, दात नसलेला म्हातारा. नवरा का येत नाही, असं मी विचारलं, तेव्हा वास्केस म्हणाला, "दुकान कोण बघणार? तेको घरचाच आहे की." तेकोच्या अंगात पातळ सुती सदरा होता. एरवी तो अनवाणीच असायचा, पण कुणीतरी त्याला निघता निघता रबरी बूट दिले होते.

विमान सुटण्यापूर्वी कॅप्टननी बाटली उघडून चाकांवर थोडी थोडी दारू शिंपडली. ही चाल वरच्या लोकांची, डोंगराकडची. तिकडे नवी गाडी घेतली की पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, घोट देतात, चाकांवर दारू आणि रंगीत कागद टाकतात. आमच्याकडे मैदानात ती कधी आली, कोण जाणे. मी लहान असताना नव्हती. तिन्ही चाकं झाल्यावर कॅप्टन मागच्या सीटपाशी गेले, वाकले, आणि उरलेली दारू तेकोच्या बुटांवर ओतली. आधी डाव्या, मग उजव्या.

तेको हसला. "प्यायला द्या की त्यापेक्षा!"

"तुझी वर मिळेल," कॅप्टन म्हणाले.

मग तेकोने मला विचारलं, "बाई, वर फार थंडी असते का हो?" मी सलाईन लावत होते. मी म्हटलं, असते थोडी.

ला पासला उतरलो तेव्हा रुग्णवाहिका दाराशी उभी होती. स्ट्रेचर, बाटल्या, आरडाओरडा. सगळं उरकल्यावर मी माझी पिशवी घ्यायला विमानात परत चढले. मागची सीट रिकामी होती. पण तिचा पट्टा लावलेला होता. घट्ट, आवळलेला, एखाद्याच्या पोटाच्या मापाचा. तो सोडल्याशिवाय त्या सीटवरून उठता येणार नाही, आणि उठल्यावर तो पुन्हा लावायचं कुणाला काय कारण?

खाली फळीवर रबरी बूट होते. आत हात घातला तर आतून बर्फ धरलेला.

"तेको कुठाय?"

"गेला असेल बाजार बघायला," कॅप्टन म्हणाले. "पहिल्यांदा आलाय ना."

३

तेको परत आला नाही. पंधरवड्याने मी वास्केसच्या दुकानात गेले. तो मांस तोडत होता.

"त्याला तिकडे काम मिळालं," तो म्हणाला.

"त्या वयात? काय काम?"

"मिळालं म्हणतात." त्याने सुरा पुसला. "बायको बरी आहे, डॉक्टरीणबाई. तुमचे उपकार. यकृत बांधून देऊ?"

मग मी बाकीच्या घरांना गेले. गेल्या वर्षभरात जे जे त्या विमानाने वाचले होते त्यांच्या घरांना. लाकूडवाल्याच्या मुलाबरोबर त्यांची मोलकरीण गेली होती. शिक्षकाच्या आईबरोबर शेजारची एक वेडसर विधवा. नोटरीच्या सुनेबरोबर त्यांच्याकडे लहानपणापासून वाढलेली मोशेन्यो या मूळनिवासी जमातीची एक बाई. कुणाही बरोबर रक्ताचं माणूस गेलेलं नव्हतं. आणि प्रत्येक घरात तेच उत्तर, त्याच आवाजात, पाहुण्याला पाणी विचारावं तसं. तिला तिकडे काम मिळालं.

माझं डोकं सणकलं. मला सगळं स्पष्ट दिसलं असं वाटलं. कॅप्टन माणसं विकतो. वर खाणी आहेत, कोकाचे मळे आहेत, तिथे फुकटची माणसं लागतात. पाऊण तासाचं कोडं मी बाजूला ठेवलं. घड्याळ चुकलं असेल, वर प्राणवायू कमी, आपलं डोकं तरी कुठे ठिकाणावर असतं. माणसं विकणं हे मात्र मला कळत होतं. त्याच्याविरुद्ध काय करायचं हे मला शिकवलेलं होतं.

घरी जेवताना मी हे सगळं आईला सांगितलं. आईचं नाव नेल्फी मेल्गार. आमची गुरं एके काळी क्षितिजापर्यंत होती आणि तिच्या बोलण्यात अजूनही आहेत.

"मी राजधानीत तक्रार करणार आहे," मी म्हटलं.

"कर. आधी भात खा."

"आई, माणसं नाहीशी होतायत."

"यानिरा, तू शिकून आलीस, छान झालं. आता गावाला शिकवू नकोस." तिने ताट सरकवलं. "आसुंता, मीठ!"

आसुंताने मीठ आणलं. आठ वर्षांची असताना आमच्या आजोबांनी तिला सान इग्नासिओच्या बाजूच्या एका वस्तीतून आणली होती. चार दिवसांसाठी, असं तिच्या आईला सांगून. आता ती साठीला आली होती. मला तिनेच वाढवलं. बार्सिलोनाहून मी तिला लिहायचे, म्हणजे आईला लिहायचे आणि आईने ते तिला वाचून दाखवावं असं म्हणायचे. आल्याच दिवशी मी तिला वचन दिलं होतं, की पाणी ओसरलं की तुला तुझ्या बहिणीकडे नेऊन सोडणार, कायमची. तेव्हापासून तिने एक गाठोडं बांधून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं होतं. आई येता-जाता त्याला पायाने बाजूला सारायची.

४

पुढच्या रविवारी दुपारी आई ओसरीच्या पायरीवरून पडली. कानशील कठड्यावर आपटलं. क्षणभर शुद्ध गेली, मग उठून बसली, आम्हालाच ओरडली, कॉफी मागितली. मला बरं वाटायला हवं होतं. पण असं पडून लगेच बरं वाटणारी माणसं मी पाहिली होती. कवटीच्या आत रक्त साचत जातं. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग एक बाहुली मोठी होते. तोवर कुणी कवटी उघडली तर माणूस वाचतं.

आमच्याकडे उघडणारा कुणी नव्हता. दुसरं मोठं शहर सांताक्रूझ, पण त्यावर दक्षिणेचा गार वारा, सुराझो, सुटला होता, तिथला विमानतळ बंद. उरलं ला पास.

धावपट्टीवर पोचेपर्यंत आईला उलटी झाली होती. कॅप्टन वाल्दो बाटली घेऊन चाकांपाशी उभे होते.

"बरोबर कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही डॉक्टर. तुम्ही पेशंटशेजारी. मागे कोण?"

"मागे कोणी नाही. मागची सीट रिकामी जाईल. मी मुलगी आहे, नियम पुरा झाला."

त्यांनी खांदे उडवले. "तुमची मर्जी. मग दीड तास."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, डॉक्टरीणबाई? तुमचाच हिशेब. कागदावरचा." ते हसत नव्हते. "मागे कुणी असलं की डोंगर जवळ येतो. नसलं की असतो तिथेच असतो. मी काय डोंगर हलवतो का? मी नुसता विमान चालवतो."

मी वाकून आईचे डोळे पाहिले. डावी बाहुली किंचित मोठी होती. की उन्हामुळे तसं वाटलं? तिने माझं मनगट धरलं आणि अगदी शुद्धीवरच्या आवाजात म्हणाली, "आसुंताला बसव मागे."

आसुंता आईची शाल आणि औषधांची पिशवी घेऊन आमच्याबरोबर आली होती. तिने ते ऐकलं. ती दोन पावलं मागे सरली.

"यानी," ती मला म्हणाली, "मला नको गं बसवू तिथे. पाणी ओसरत आलंय. तू म्हणाली होतीस ना?"

ती शहाणपणाचं काही बोलली असती, माझं म्हातारीचं काय, असं काही, तर मला सोपं गेलं असतं. ती तसं काही बोलली नाही. ती घाबरली होती. तिचा खालचा ओठ लहान मुलीसारखा हलत होता.

मी तिचे दोन्ही हात धरले. "आसू, हे सगळं खूळ आहे. अंतर म्हणजे अंतर. कुणी बसलं म्हणून ते कमी होत नाही. मी तुझ्यासमोरच बसणार आहे, तुझ्याकडे तोंड करून. उतरल्यावर कॅप्टनला तुझ्याजवळ फिरकू देणार नाही. ला पासला एकाच खोलीत राहू. मग मी तुला तिथूनच बहिणीकडे नेते."

"खरंच?"

"खरंच."

मला जर ते खूळ वाटत होतं, तर मी तिला बसवत का होते? हा प्रश्न मला तेव्हा पडला. तिला चढताना हात देत असतानाच पडला. मी त्याला उत्तर दिलं नाही. पट्टा मीच लावला. तो तिला सैल होत होता, म्हणून मी तो ओढून घट्ट केला.

कॅप्टन वाकले आणि तिच्या चपलांवर दारू ओतली. आधी डाव्या, मग उजव्या. मी त्यांना थांबवलं नाही.

५

ऑक्सिजनचे मास्क तीन. एक कॅप्टनना, एक आईला, एक मला. मागे बसणाऱ्याला विरळ हवा सोसायला मूठभर कोकाची पानं चावायला देतात.

मैदान खाली हिरवं, मग निळसर, मग ढगांत गेलं. आईचा श्वास घोरल्यासारखा झाला होता. मी एक हात तिच्या मानेवर ठेवला होता आणि मान वळवून आसुंताकडे बघत होते. नजर हलवायची नाही, असं मी ठरवलं होतं. ती पानं चावत होती. गाठोडं मांडीवर. ते तिने कधी आणलं, मला कळलं नव्हतं.

थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज बदलला. कमी झाला असं नाही म्हणता येणार. तो लांब गेला. शेजारच्या घरात कुणीतरी यंत्र चालवावं तसा येऊ लागला. त्या जागी दुसरं काहीतरी ऐकू येत होतं, घासल्यासारखं. घोंगडी जमिनीवरून ओढल्यासारखं. मी म्हटलं, गारा असतील. खिडकीच्या काचेवर बर्फाची पानं उमटत होती. ती आतल्या बाजूने उमटत होती.

"यानी," आसुंता म्हणाली. मास्क नसताना त्या उंचीवर तिला इतकं स्वच्छ बोलता यायला नको होतं. "बाहेर भिंत आहे गं."

मी तिच्या खिडकीकडे पाहिलं.

ढग नव्हता. हातभर अंतरावर काळा खडक होता, घराच्या भिंतीइतका जवळ, आणि तो सरकत नव्हता. आम्ही ताशी तीनशे किलोमीटरने जात होतो आणि तो स्थिर होता. खडकाला एक लांब कंगोरा होता, रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकासारखा. त्यावर माणसं बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, खांद्याला खांदा लावून. डोंगरातली माणसं नव्हती ती. आमच्याकडची होती. सुती सदरे, फुलाफुलांचे झगे, उघडी पावलं. कोणी ओरडत नव्हतं, हात करत नव्हतं. कुठल्याही रांगेत बसतात तशी ती बसली होती.

घासल्याचा आवाज त्यांचा होता. ती सरकत होती. एकेक जण ढुंगण उचलून थोडा पलीकडे सरकत होता. या टोकाला जागा होत होती.

मी मास्क दाबायला हात वर नेला. मास्क तोंडावर नव्हता. गळ्यात लोंबत होता. केव्हापासून, ते मला आजही आठवत नाही. त्या उंचीवर मास्कशिवाय काही मिनिटं काढली की माणसाला वाट्टेल ते दिसतं, आणि हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मी मास्क चढवला, डोळे मिटले, खोल श्वास घेतले.

"थंड आहेत गं यांचे हात," आसुंता म्हणाली. अगदी हळू, तक्रार करावी तसं.

मी डोळे उघडले नाहीत. उघडता येत होते. मी ठरवून उघडले नाहीत, आणि आईच्या मानेवरची नाडी मोजत राहिले.

६

चाकं टेकली तेव्हा पाऊण तास झाला नव्हता.

मागे न बघता मी स्ट्रेचरबरोबर उतरले. रुग्णालयात आईला सरळ आत नेलं. संध्याकाळ व्हायच्या आत सर्जन हातमोजे काढत बाहेर आले आणि म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर काही उपयोग नव्हता. कुठून आणलंत म्हणालात? त्रिनिदादहून? इतक्या लवकर?"

त्याआधी, आईला आत घेतल्यावर लगेच, मी टॅक्सी करून विमानतळावर परत गेले होते. सीट रिकामी, पट्टा घट्ट. गाठोडंही नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, स्ट्रेचरवरच्या बाई आणि तुम्ही, दोघीच तर उतरलात. धावपट्टीच्या कडेने मी चालत गेले. उंचीने छाती फुटायला आली. समोर बर्फाचे डोंगर होते, लांब, जिथे असायला हवेत तिथे.

कॅप्टन वाल्दो पंखाखाली बसून सूप पीत होते. त्यांनी मला बघून वाटी खाली ठेवली. मला वाटलं, मी त्यांच्या अंगावर धावून जाईन. ते माझ्याकडे बघून नुसते म्हणाले, "आई कशी आहे?"

"वाचेल," मी म्हटलं.

"मग झालं."

रुग्णालयात परतले तर नर्सने कागद पुढे केला. "बरोबर आणखी एक बाई होती असं त्रिनिदादहून कळवलंय. तिची रात्रीची सोय लावायची का?"

"नको," मी म्हणाले. "तिला इकडे काम मिळालं."

आवाज माझाच होता. कुठेही अडखळला नाही.

आईला शुद्ध आली तेव्हा मी पलंगाशी होते. डोक्याला पट्ट्या, ओठ सुकलेले. मला वाटलं, ती विचारेल. मी उत्तराची तयारीही केली होती.

"आता मला आंघोळ कोण घालणार?" ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्रार द्यायला निघाले होते. माणसं विकल्याची तक्रार. ती खोटी ठरेल हे मला माहीत होतं, पण विमान तरी बंद पडेल. कोट घातला होता. जिन्यात फोन वाजला.

त्रिनिदादच्या वॉर्डातून मिर्ता नर्स बोलत होती. "डॉक्टर, नदीकाठच्या वस्तीतली बाळंतीण आलीय. वार सुटत नाहीये, रक्त थांबत नाही. आम्ही दाबून धरलंय. कॅप्टन अर्ध्या वाटेवर आहेत, उतरले की लगेच परत उडतील. तिचा नवरा इथे आहे, तो विचारतोय..." तिने आवाज खाली आणला. "बरोबर कुणाला पाठवायचं?"

मागून पुरुषाचा आवाज आला. तो रडत होता. मिर्ताने त्याच्या हाती फोन दिला.

"डॉक्टरीणबाई, मी येतो की. मी बसतो मागे."

"घरी मुलं किती?"

"तीन. हे चौथं."

"तू नाही यायचंस," मी म्हटलं. "तू गेलास तर त्यांना कोण बघणार?"

"मग थोरली येईल. नऊ वर्षांची आहे. धीट आहे."

मी जिन्यातल्या खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यावर एक बाई गरम सालतेन्यांची, मांस भरलेल्या करंज्यांची, टोपली मांडत होती. माझ्या एका हातात तक्रारीचा कागद होता. नऊ वर्षांची मुलगी नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. ते मी होऊ देणार नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ती मारायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं. मी तो कागद दुमडून कोटाच्या खिशात ठेवला. मला एकदम हलकं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, मी या कामासाठी परत आले होते, असं वाटलं.

"मुलगी नको," मी त्याला शांतपणे सांगितलं. "रडू नकोस, नीट ऐक. तुमच्या वस्तीत कुणी म्हातारं, एकटं राहतं का?"